दादाच्या नावापुढचा हिरवा ठिपका

हिंगणघाटच्या आमच्या घरात दादाचं आणि बाबांचं वाजायचं ते फ्यूजच्या तारेवरून. व्होल्टेज कधी पडायचं, कधी एकदम चढायचं आणि मीटरखालचा फ्यूज उडायचा. बाबा शाळामास्तर, पण या बाबतीत सगळ्या गल्लीसारखेच. वायरीतल्या चार-पाच तारा एकत्र पिळून जाड फ्यूज घालायचे, पुन्हा उडायलाच नको. दादा तो काढून एकच बारीक तार लावायचा.

"बाबा, फ्यूजचं कामच जळायचं आहे. तो नाई जळला तं घर जळन."

"मले अंधारात बसायले नाई आवडत," बाबा म्हणायचे. दादाची पाठ फिरली की पुन्हा जाड तार.

दादा एका कचेरीत कारकून होता. घरी आला की ओसरीत सोल्डरिंगचा धूर काढत बसायचा. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेवाल्याला त्यानं वीज चढली की आधी स्वतः बंद पडणारे बोर्ड बनवून दिले होते. कॅफेवाला खूश. कोपऱ्यातलं मशीन त्यानं दादालाच देऊन टाकलं होतं म्हणा ना. मला ईमेल आणि गप्पा मारायचा मेसेंजर काढून दिला तोही तिथेच. तेव्हा मला दम भरला होता, "पासवर्ड मलेही नाई सांगायचा. अन् उठताना साइन आउट. घराले कुलूप न लावता जाते का कोणी?"

मी पुण्याला नोकरीला लागले आणि पुढच्याच वर्षी हैदराबाद रोडवर दादाच्या स्कूटरला ट्रकनं धडक दिली. दवाखान्यात नेईपर्यंतही तो राहिला नाही.

काही महिन्यांनी एका दुपारी ऑफिसात मी मेसेंजर उघडला, तर दादाच्या नावापुढे हिरवा ठिपका. दादा ऑनलाइन होता.

मी लिहिलं, "कोण आहे?" उत्तर नाही. थोड्या वेळानं ठिपका विझला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा पेटला, मग पुन्हा. कुणी चोरानं त्याचा पासवर्ड फोडला, हे मला कळत होतं. तरी ठिपका पेटला की आधी वाटायचं, आला. मग त्या चोराचा इतका संताप यायचा की कीबोर्ड उचलून आपटावा. दादाच्या अकाउंटला कायमचं कुलूप लावायचं ठरवून मी दिवाळीत घरी गेले आणि सगळ्यात आधी गाठला तो कॅफे, दादाचं सगळं तिथल्याच मशीनवर असायचं.

कोपऱ्यातल्या मशीनसमोर बाबा बसले होते. हात मांडीवर. पडद्यावर दादाचं नाव आणि त्याखाली माझंच, "कोण आहे?"

"बाबा, तुम्हाला पासवर्ड कुठून मिळाला?"

"मले कुठचा माहीत? चालू केलं का आपोआपच उघडते." बाबा पडद्याकडेच बघत होते. "मी काही करत नाई. बसतो अन् त्याचं नाव पाह्यतो. तू काऊन रडून राह्यली?"

सगळ्या जगाला साइन आउट शिकवणाऱ्यानं स्वतःच्या मशीनवर पासवर्ड लक्षात ठेवायची खूण करून ठेवली होती. आता तो पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. एकदा साइन आउट केलं की ती खूणही पुसली जाणार, परत आत जाणं नाही. माझा हात सवयीनं माउसकडे गेला, तर बाबांनी तो धरला.

"बंद नको करजो, बाई."

मी केलं नाही. उलट बाबांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायला शिकवलं. मग पुण्यात दर आठवड्याला ठिपका पेटायचा आणि दादाच्या नावाखाली शब्द उमटायचे, "जेवली का?" बाबाच आहेत हे माहीत असूनही प्रत्येक वेळी अंगावर काटा यायचा. खरं सांगायचं तर मला तो हवाही असायचा.

दोन वर्षं असं चाललं. मग एक दिवस बाबांनी लिहिलं, "कॅफेवाला मशिनी विकून राह्यला. उद्या घेणारा येते. हे उघडं राह्यलं तं त्याच्या हाती जाईन का?"

मी लिहिलं, "हो."

ठिपका तसाच हिरवा.

मग शब्द आले. "काल फ्यूज उडला. मी एकच बारीक तार लावली. तो म्हणे तशी."

आणि त्याखाली, "आता कुठं दाबू?"

मी सांगितलं, वर उजव्या कोपऱ्यात, साइन आउट. दादानं मला दाखवलं होतं तिथेच.

ठिपका विझला. मी बराच वेळ बघत राहिले. तो पुन्हा पेटला नाही.