सुकाबुवांचा चिकारा ऐकायला वऱ्हाडात

गाडी अकोला स्टेशनात शिरली तेव्हा आई कधीची दाराशी उभी होती. लग्न होऊन पुण्याला आली, तेव्हापासून तिचे वऱ्हाडात येणे जवळजवळ नाहीच. अकोल्यात माहेरचेही कोणी उरले नव्हते. माझे वडील गेल्यावर तिने माझ्याकडे एकच हट्ट धरला. सुकाबुवांचा चिकारा (सारंगीसारखे लहानसे वाद्य) एकदा पुन्हा ऐकायचा. तिच्या लहानपणी बुवा वस्तीत आले, की घरोघरची चुलीवरची भाजी करपत असे म्हणे.

जठारपेठेत ओळखीच्या एका वकिलांकडे उतरलो. संध्याकाळी देवाला फुले घ्यायला बाजारात गेलो, तेव्हा आईने माळीणबाईंजवळ बुवांची चौकशी केली.

"ते तं गेले म्हन्तेत, बाई. दसऱ्याच्या आदीच आयकलं."

 माळीणबाई आपणहून आठवण सांगू लागल्या. "माह्या लग्नात आले होते ना! सासरी जातानी मी रडून राहिली होती, तं गाडीमांगं वाजवत शिवेपर्यंत आले. काही घेतलं नाही त्यायनं."

जेवताना वकीलसाहेबही सांगू लागले. "आमचे वडील कचेरीत उशिरा पोचले ते आयुष्यात एकदाच. बुवा पिंपळाखाली वाजवत होते!"

सकाळी मी परत फिरण्याचे काढले. आई म्हणाली, "इतक्या लांब आलो. बुवांच्या गावी, कौंडण्यपूरला जाऊ, त्यांच्या घराच्या ओट्यावर डोके टेकवू आणि मग परतू."

बडनेऱ्याला उतरून अमरावती गाठली. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. कौंडण्यपूरची कार्तिकातली जत्रा तोंडावर आलेली, त्यामुळे मोटारीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुऱ्ह्याच्या पुढे तिचे चाक बसले. शेवटी भाजीच्या एका बैलगाडीत, कोबीच्या ढिगावर, आम्हाला जागा मिळाली. गाडीवानाने कुठे निघालात म्हणून विचारले. मी दबक्या आवाजात सांगितले.

"कोन गेले? बुवा?" त्याने वळून पाहिले. "सकाळीच मले शिव्या देऊन राहिले होते! बैलायले पाणी न पाजता जुंपले म्हनून."

आईने माझे मनगट असे धरले की नखे रुतली. मग ती हसत सुटली आणि हसताहसता पदराने डोळे पुसू लागली. मलाही कधी नव्हे इतके हलके वाटले.

बुवा अंगणात बाजेवर बसले होते. गेले होते ते त्यांचे धाकटे भाऊ. "तोही वाजवे, जी," बुवा म्हणाले. "लोकायले आमी दोघं एकच." 

मग आईने त्यांना माळीणबाईंची आठवण सांगितली.

"काही घेतलं नाही?" बुवा उसळलेच. "दोन टोपले वांगे आनले होते म्या तिच्या बापाकडून! माही बायको आठ दिवस वांगेच रांधून राहिली होती."

सुनेने रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि झणझणीत वरण वाढले. माझ्या नाकातोंडातून पाणी आले. आई मात्र तिखट मागून घेत होती. जेवणानंतर बुवांनी चिकारा खांद्याशी लावला. खरे सांगायचे तर पहिले सूर घसरले. मग कुठेतरी तारांवरचा गज स्थिरावला, आणि कुंपणापलीकडची माणसे कामे टाकून येऊन उभी राहिली.

"कोन्या गावची तू, माय?" वाजवून झाल्यावर त्यांनी विचारले.

"अकोल्याची," आई म्हणाली. पुण्याचे नावही तिने घेतले नाही.

परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर तिने संत्रेवालीशी अशी हुज्जत घातली, की मी बघतच राहिलो. "काहून वं, बाई, हे आंबट देऊन राहिली मले?" पुण्याच्या घरात ही बोली मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आमच्यासाठी तिने ती इतकी वर्षे मिटून ठेवली होती, आणि आम्हाला ती आहे याचा पत्ताही नव्हता. एका म्हाताऱ्याचा चिकारा ऐकायला गेलो होतो. परत येताना माझ्या शेजारी अकोल्याची एक मुलगी बसली होती.

गाडी सुटली. तिने संत्रे सोलून अर्धे माझ्या हातावर ठेवले.

"काय पाहून राहिला रे असा माह्याकडं? खा!"