भाकरीची बाजू घेणाऱ्या डॉक्टर

डॉ. कुमुदताई माने यांना मी प्रथम पाहिले ते वडूजच्या त्यांच्या दवाखान्यात. सत्तरच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. डॉक्टरकीची पदवी घेऊन मी सांगलीहून त्यांच्या हाताखाली काम शिकायला आले होते. समोर बसलेल्या एका बाईंचे डोके दुखत होते आणि कुमुदताई विचारत होत्या, "सकाळपासून काय खाल्लंत?"

"चा घेतला की दोन येळा."

"चहा म्हणजे खाणं नव्हे. घरी जाऊन आधी भाकरी खा. मग दुखलं तर परत या."

त्या बाई परत आल्या नाहीत. अशाने दवाखाना चालायचा कसा, अशी काळजी मला पहिल्याच दिवशी लागली. तो उत्तम चालत असे, हे पुढे कळले. सारा तालुका त्यांना डाक्तरीणबाई म्हणे; आम्हा सहकाऱ्यांच्या त्या नुसत्या 'बाई'.

गावात तेव्हा पाव-बिस्किटे आली होती, चहातली साखर वाढली होती आणि पाहुण्यांच्या ताटात ज्वारीची भाकरी वाढायला लोक लाजू लागले होते. उलट शहरातून येणारे काहीजण धान्यालाच अपायकारक ठरवत. बाईंना ही दोन्ही टोके अमान्य होती. पुस्तकात ज्यांना पिष्टमय पदार्थ म्हणतात ते शरीराचे सरपण आहे, असे त्या सांगत. कोंड्यासकटचे धान्य, कडधान्ये यांचे सरपण सावकाश जळते; साखर-गूळ भपकन पेटून विझतात. कोणते, किती आणि कशाबरोबर, एवढेच पाहायचे. माझ्या बाळंतपणात त्यांनी मेढ्याकडची नाचणी मुद्दाम मागवून, स्वतः निवडून पाठवली होती. सोबत निरोप होता, "वजनाची चिंता नंतर. आता पोटभर खा."

बाईंचे खरे मोठेपण मी पाहिले ते सुभेदार गणपतरावांच्या घरी. लष्करातून निवृत्त झालेला हा उंचापुरा गृहस्थ वडूजजवळच्या वस्तीवर राहत असे. मधुमेह निघाल्यावर त्यांना शहरातून गोळ्या मिळाल्या आणि कुणा परिचिताने सल्ला दिला, की भाकरी, भात सगळे सोडा. सुभेदारांनी तो हुकूम मानला. अंडी, मटण, मूठभर शेंगदाणे यांवर ते राहू लागले आणि अंगातले बळ गेले.

त्यांच्या लेकीची सुपारी फुटायची होती. कवठे महांकाळची मंडळी आली, बैठक बसली आणि भर दुपारी सुभेदारांचे हात थरथरू लागले. अंग घामाने भिजले, बोलणे अडखळले, ते भिंतीला कलले. निरोप येताच बाई आणि मी जीपने तिथे पोचलो. गोळी कधी घेतली, काय खाल्ले, हे विचारून बाईंनी साखरेचे पाणी मागितले. सुभेदारांच्या पत्नी अनुसयाबाई साखरेची वाटी घट्ट धरून उभ्या राहिल्या.

"आवं डाक्तरीणबाई, साखरंनंच तर ह्यो रोग झालाय. आनी तुमी साखरच पाजताय व्हय?"

"अनुसयाबाई, गोळीनं रक्तातली साखर उतरते. ह्यांच्या पोटात धान्याचा कण नाही, त्यामुळे ती फार खाली गेलीय. आत्ता नाही दिली तर माणूस हातचा जाईल. माझ्यावर विश्वास ठेवा."

वाटी पुढे आली. सुभेदारांना गिळता येत होते, म्हणून बसते करून बाईंनी चमचा चमचा पाणी पाजले. थोड्या वेळाने त्यांची नजर स्थिर झाली. "पाव्हणं जेवलं का?" हे त्यांचे पहिले शब्द. अनुसयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तोवर पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली होती. नवऱ्या मुलाचे चुलते म्हणाले, "नवरीच्या बापाला फेफरं येतंय, ही गोष्ट आमाला कुनी सांगितली न्हाई."

बाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "हे फेफरं नव्हे, दादा. उपाशीपोटी गोळी घेतल्यावर तुमचं-माझं हेच होईल. नीट जेवले की सुभेदार ठणठणीत." गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, म्हणून संध्याकाळपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत. सुभेदारांनी दूध-भाकरी खाल्ली, मांडी घालून बसले, पाहुण्यांशी पलटणीच्या गप्पा मारू लागले. ते पाहून चुलतेच म्हणाले, "चला, आता सुपारी फोडू."

दुसऱ्या दिवशी बाई त्या घरच्या चुलीपुढे पाटावर बसल्या होत्या. मोजकी भाकरी, मटकीची किंवा हुलग्याची उसळ, भरपूर पालेभाजी, बिनसाखरेचा चहा आणि वेळेवर जेवण, असे त्यांनी अनुसयाबाईंना समजावले. गोळीचे प्रमाणही तपासून बदलले.

"मला तर कडक ऑर्डर हुती, भाकरी बंद," सुभेदार म्हणाले.

"ती ऑर्डर मी रद्द केली."

लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघी होतो. बुंदीचे ताट फिरत आले तेव्हा सुभेदारांनी हात आडवा धरला आणि अनुसयाबाईंनी त्यांच्यासाठी झाकून आणलेली भाकरी वाढली. व्याही चकित झाले. "गड्या, लेकीच्या लग्नात भाकरी?" सुभेदार हसले. "लय दिवसांनी सुखानं खातूय. मला अजून जगू दे की, पोरीची पोरं बघायची हायत." मग त्या व्याह्यांनीही भाकरी मागितली, शेजारच्यांनीही, आणि अनुसयाबाईंना लग्नघरात पुन्हा तवा चढवावा लागला. बाई इतक्या मोकळेपणाने हसलेल्या मी क्वचितच पाहिल्या.

सुभेदारांनी पोरीची पोरे पाहिली, खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलीही. अशी किती घरे बाईंमुळे हसती राहिली, हे सातारा-सांगलीची वाट चालणारा कुणीही सांगेल. आज पंचाहत्तरीतही त्या सकाळी फिरायला जातात आणि वाटेत भेटेल त्याच्या न्याहरीची चौकशी करतात. त्यांच्या पायांत हेच बळ राहो, भूक अशीच चांगली राहो, आणि आमच्या ताटांवर त्यांची नजर अजून पुष्कळ वर्षे असो.