माया न सोडता कापलेला व्हिडिओ

ही गोष्ट सांगायचं मी फार वर्षं टाळलं. 'काका, तुमचा तो आंबिलीचा व्हिडिओ लई चालला' असं कुणी म्हणालं, की मी बोलणं पावसावर नाहीतर स्वतःच्या गुडघ्यांवर न्यायचो. आता वहिनी नाहीत, आणि माझंही वय झालं. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

लोहाऱ्यात माझं शिलाईचं दुकान होतं. सुईत दोरा ओवेना झाला तेव्हा दुकान बंद केलं. थोरले भाऊ गेल्यापासून वहिनी, त्यांचा मुलगा, सून आणि मी एकाच घरात राहत होतो. मी दिवसभर ओट्यावर बसून कंटाळतो हे बघून सुनेनं मला मोबाइलवर चॅनल काढून दिलं. आपल्या भागात घरोघर जे होतं पण कुणी सांगत नाही ते दाखवायचं, असं मी ठरवलं. कडब्याची गंजी कशी रचतात, गोधडीचे टाके कोपऱ्यावर कसे वळवतात, असलं काहीबाही. काम मात्र शिलाईसारखंच मन लावून करायचो.

बघायचं कुणी नाही. घरची माणसं आणि जुनी दोन-चार गिऱ्हाइकं, बस्स. गोधडीच्या व्हिडिओत लांबून कुणाच्या तरी वरातीचा बँड ऐकू येत होता, तर गाणं दुसऱ्याचं म्हणून कंपनीनं सगळा आवाजच बंद केला. मी आपला मुक्यासारखा टाके घालतोय. तक्रार केली तर एक ठरीव उत्तर आलं, पुन्हा केली तर तेच. दुकानात गिऱ्हाईक चिडून ब्लाऊज तोंडावर फेकायचं, पण ते समोर उभं तरी असायचं. इथं कुणाशी भांडायचं तेच कळत नव्हतं. शेवटी दुसऱ्यांचे व्हिडिओ बघून एवढं शिकलो, की सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत माणूस धरला नाही तर तो पुढं सरकतो.

अशात येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडं सगळं घर रानात जेवायला जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर यांचा नैवेद्य दाखवायचा आणि आंबील रानाच्या कडेनं शिंपडायची. ज्वारीच्या पिठाची ती ताकातली आंबील वहिनींच्या हातची असायची. वहिनींचं माहेर कर्नाटकात, पण सासरी आल्यापासून आंबिलीची बिंदगी, ती छोटी घागर, डोक्यावर घेऊन रानात जायचा मान त्यांचा. भावकीतल्या बायका भज्जीत मीठ घालायच्या आधीसुद्धा त्यांना विचारायच्या. सोवळ्याओवळ्याला त्या इतक्या कडक, की नैवेद्य होईपर्यंत पाणीसुद्धा घेत नसत.

त्या वर्षी त्यांनी नैवेद्य दाखवला, तो मी मोबाइलवर घेतला. नंतर सगळे जेवायला झाडाखाली गेले. कोपीत वहिनी आणि मी दोघंच उरलो. मला वाटलं, नुसता नैवेद्य कोण बघणार? मी म्हणालो, "वहिनी, पुन्हा एकदा दाखवा. या खेपेला जरा हसून."

"भावजी, देवाचं दोनदा करत न्हाईत."

"मग नैवेद्य राहू द्या. आंबील पिऊन बघा आणि कशी झाली ते सांगा."

हे त्यांना पटलं. पांडवांपुढंच बसून त्यांनी पळीनं बिंदगीतली आंबील काढली आणि त्या प्यायल्या. आंबट लागल्यावर त्यांचा एक डोळा आपोआप मिटला, आणि मग त्या लहान पोरीसारख्या हसल्या. त्यांचं ते हसणं बघून मला कळलं, की यावर माणूस थांबणार.

घरी येऊन मी ते हसणं आधी लावलं आणि नैवेद्य मागं टाकला. मधलं सगळं कापलं. शिंपी कापडाला कात्री लावतो तेव्हा शिवणीच्या आत दोन बोटं कापड जादा ठेवतो. त्याला माया म्हणतात. पुढं कपडा तंग झाला तर माया उसवून सैल करता येतो. मला शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की बिनमायेचं कापू नको, चूक भरून काढता येत नाही. जन्मभर ते पाळलं आणि तिथं विसरलो. बघणाऱ्याला दिसलं ते एवढंच, की म्हातारी आधी स्वतः आंबील प्यायली आणि तीच उष्टी तिनं देवाला दाखवली.

व्हिडिओ पळाला. कुणा मोठ्या पेजनं तो उचलला, माझं नाव पुसलं आणि वर लिहिलं, 'आधी आजी, मग पांडव'. लोकांनी हसणारे चेहरे टाकले. नंतर शिव्या आल्या, धर्म बुडवला म्हणून. मी काय केलं? सकाळ-संध्याकाळ आकडा बघितला. खाली 'मागंपुढं मी केलंय, नैवेद्य आधीच झाला होता' एवढी एक ओळ लिहायची होती. तीही लिहिली नाही. लिहिली तर गंमत जाईल आणि माणसं निघून जातील, अशी भीती वाटली. हे खरं कारण आहे आणि दुसरं काही नाही.

त्या उन्हाळ्यात भावकीत एक लग्न होतं. पंगतीत वाढणाऱ्या बाईनं बुंदीचं ताट आधी वहिनींपुढं धरलं आणि म्हणाली, "यांना पहिलं वाढते बाई, पांडव थांबतील." अख्खी पंगत हसली. वहिनीही हसल्या. पण पुढं त्यांनी घास उचलला नाही. त्यांना व्हिडिओ माहीत होता, पण त्यावर लोक काय म्हणतात ते कळलं नव्हतं. घरी येऊन सुनेकडून सगळं वाचून घेतलं.

पुढच्या येळवशीला त्यांनी बिंदगी सुनेच्या डोक्यावर दिली. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी त्या आमच्या पुढं चालत रानात गेल्या. कोपीत मात्र आल्या नाहीत. नैवेद्य होईपर्यंत बांधावर पाठमोऱ्या बसून राहिल्या.

वहिनी वारल्यावर मी व्हिडिओ काढून टाकला. पण काढून काय होतं? दुसऱ्यांनी उचललेले अजून फिरतात. म्हणून मूळचं चित्रण शोधून काढलं आणि न कापता, जसं घडलं त्या क्रमानं टाकलं. नैवेद्य, मग माझा आवाज, 'देवाचं दोनदा करत न्हाईत' हे वहिनींचं बोलणं, आणि मग आंबील. हा व्हिडिओ कुणी बघत नाही. लांबड आहे म्हणतात. पुन्हा टाकला तर जुनाच आहे म्हणून कुणापुढं जात नाही. जाऊ दे. दर येळवशीला टाकतो आणि टाकत राहणार. 'आधी आजी' जिथं जिथं दिसतं तिथं खाली माझं नाव घालून लिहितो, की चूक या बाईची नाही, कापणाऱ्याची आहे, आणि कापणारा मी आहे. पुष्कळ जण ते पुसतात. मी पुन्हा लिहितो. भावकीत घरोघर जाऊन मोबाइल समोर धरून दाखवलं. पंगतीत बोललेल्या त्या बाईनंही शेवटपर्यंत बघितलं, आणि पदर तोंडाला लावला.

जिला सांगायचं होतं तिला सांगणं तेवढं राहिलं.

धाराशिवच्या दवाखान्यात वहिनींचा शेवटचा आठवडा होता. सून चहा आणायला खाली गेली होती. मी मनाशी वाक्य घोकून आलो होतो. खुर्ची जवळ ओढली. तेवढ्यात त्यांनीच डोळे उघडले आणि विचारलं, "भावजी, तुमचं ते मोबाइलचं बरं चाललंय ना?"

"व्हय," मी म्हणालो.

"बरं झालं. तुम्हाला करमत नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले. सून चहा घेऊन आली, तो मी प्यायलो, आणि शेवटची एसटी चुकेल म्हणून उठलो. घोकलेलं वाक्य मोठं नव्हतं. वहिनी, तुम्ही आधी देवालाच दाखवलं होतं, मागंपुढं मी केलं, मला माफ करा.