आमचं लोहगडला जायचं ठरलं

घरातलं एखादं काम झालं की त्याची एकच गोष्ट होते. गेलो आणि आलो, संपलं! न झालेल्या कामाच्या मात्र गोष्टी साठत जातात. आमच्या घरात अशा सगळ्यात जास्त गोष्टी लोहगडच्या आहेत. कुसगावातून गाडीनं निघालं तर तासाभरात माणूस पायथ्याला पोचतो. आम्हाला दोन वर्षं लागली.

*

आधी गड कशासाठी, ते सांगतो. माझी बायको हिराबाई. तिचं माहेर पवनेच्या खोऱ्यात होतं. ती नऊ-दहा वर्षांची असताना धरण झालं आणि गाव पाण्यात गेलं. सासरे कामशेतला येऊन भाड्याच्या खोलीत राहिले. आमचं लग्न त्यानंतरचं. त्यामुळे मला सासुरवाडी अशी नाहीच.

वलवणला मी बंगल्यांमध्ये माळीकाम करायचो, अजूनही थोडंफार करतो. तिथले जोडीदार अधिक महिना आला की हमखास चिडवायचे, "काय पावणं, औंदा सासुरवाडीचं बोलावणं हाय का न्हाई?"

मी खुरपणी चालू ठेवायचो. मग त्यांच्यातलाच एक जण उत्तर द्यायचा, "हाय की! पर पवता यायला पायजे!"

सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येऊन हिराबाईला हे कधी सांगितलं नाही.

*

दोन वर्षांपूर्वी तिला कडेचं दिसेनासं झालं. समोरचं ताट दिसे, पण शेजारचा तांब्या दिसत नसे. तळेगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर भला माणूस होता. त्यांनी नीट समजावून सांगितलं, "आजी, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंब घालून सांभाळायची. तीही किती टिकेल, सांगता येत नाही."

हिराबाईनं नुसती मान हलवली. तिचा चेहरा बघून डॉक्टर हसत म्हणाले, "अहो, आता काय बघायचं राहिलंय तुमचं? मुलं झाली, नातवंडं झाली!"

"म्हायेर ऱ्हायलंय," ती म्हणाली.

"मग जाऊन या की! फार लांब आहे का?"

"न्हाई. जवळच हाय. पान्याखाली हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं उचललं आणि थेंबांची चिठ्ठी पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतली.

*

धरणाच्या काठावर आम्ही एकदा जाऊन आलो होतो. पण काठावरून नुसतं पाणी डोळ्यांसमोर येतं. गाव कुठं, शिवार कुठं, काही कळत नाही. हिराबाईचा बाप गुरं घेऊन लोहगडावर जायचा. "गडावरनं आपलं आंगन दिसतं," असं तो पोरांना सांगायचा. त्यांच्या घरातल्या बायापोरी काही गडावर जात नसत. त्यामुळे ते अंगण तिनं वरून कधी बघितलेलं नव्हतं.

माझा मुलगा दत्ता म्हणाला, "ठरलं! आईला गडावर न्यायचं. तिची नजर जायच्या आत."

तो कंपनीत कामाला आहे, त्याला सगळं पद्धतशीर लागतं. त्यानं लगेच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'मिशन लोहगड'. ग्रुपमध्ये दत्ता, सूनबाई वैशाली, पिंपरीला दिलेली आमची मुलगी सुनी आणि आमचे जावई. हिराबाईकडे फोन नाही, माझा बटणांचा. बूट कोणते घालायचे, टोप्या एका रंगाच्या घ्यायच्या का, यावर चार दिवस मेसेज चालले. मग तारखेसाठी मतदान झालं. दोन मतं एका रविवारला, दोन मतं दुसऱ्या रविवारला!

नात स्वरा आईच्या फोनवरचं सगळं आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होती. सुनीनं लिहिलं, "आईला विचारा. आईचं मत फायनल."

दत्तानं आतल्या खोलीतून लिहिलं, "आई ग्रुपमध्ये नाही."

जावयांनी लिहिलं, "मग ॲड करा ना!"

हिराबाई स्वराशेजारीच लसूण सोलत बसली होती. ती आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाली, "आरं दत्ता, मी हितं हाय. हाक मार की!"

*

सुनीचं म्हणणं, जायचं तर पावसाळ्यातच. धबधबे असतात, फोटो चांगले येतात. मी म्हणालो, पावसाळ्यात वर धुकं असतं आणि खाली धरण भरलेलं असतं. पण मी हळू बोलतो. माझं वाक्य पुरं होईपर्यंत गाडी ठरलेली होती.

श्रावणातल्या एका रविवारी निघालो. हिराबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मळवलीच्या अलीकडे जे अडकलो, ते अडकलोच. पुढं गाड्या, मागं गाड्या. तीन तासांत भाजे गावाचा फाटाही आला नाही. वैशालीनं डबे गाडीतच उघडले. स्वराला उलटी झाली. पोलीस येऊन सांगून गेला की वर जागा नाही, मागं फिरा.

 गाडी वळवताना हिराबाईनं काचेला डोळे लावले आणि विचारलं, "दत्ता, म्होरं ते काळं भिताड दिसतंय, तो गड का रं?"

दत्ता म्हणाला, "न्हाई आई. ट्रॅव्हल्सची बस हाय."

"हां," ती म्हणाली. "मला वाटलं, आला."

घरी पोचेपर्यंत गाडीत गाणीसुद्धा कुणी लावली नाहीत.

*

पायऱ्यांची सवय व्हावी म्हणून मी तिला रोज सकाळी वलवणच्या बंगल्यावर न्यायला लागलो. तिथं गच्चीवर जायला बाहेरून एकोणीस पायऱ्या आहेत. मी झाडांना पाणी घालायचो, ती चढउतार करायची. पायऱ्या दिसायच्या नाहीत, म्हणून मोजून चढायची.

एकदा मालकीणबाई न सांगता मुंबईहून आल्या. गच्चीच्या टोकाला हिराबाई उभी! बाई घाबरल्या. "मावशी, तिथे काय करताय?"

"गड चढतीया, ताई!"

बाई खूप हसल्या. मग त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा हसायच्या थांबल्या. जाताना स्वतःचे खेळाचे बूट देऊन गेल्या. दोन बोटं मोठे होते. हिराबाईनं पुढं चिंध्या कोंबल्या आणि ते घालून चढायला लागली.

दिवाळीनंतर एकदा ती पहिल्याच पायरीवर बसून राहिलेली दिसली. कोपर खरचटलं होतं. मी जवळ गेलो तर म्हणाली, "अवं, आज एक पायरी जास्त व्हती."

मी पायऱ्यांकडे बघितलं. मोजायची काही गरज नव्हती, तरी मोजल्या.

"व्हय," मी म्हणालो, "मालकांनी वाढवली असंल."

 दुसऱ्या दिवसापासून मी पाण्याची नळी बाजूला ठेवून तिच्या पुढं चालायला लागलो.

*

सामानाच्या यादीवरून एकदा मायलेकांची जुंपली. वैशालीच्या यादीत ग्लुकोज, बँडेज, थेपले. हिराबाईनं स्वराला आपली यादी लिहायला सांगितली. नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू. गावदेवीची ओटी भरायची होती.

दत्ता म्हणाला, "आई, देवी कवाच हलवली. वरच्या अंगाला नवं देऊळ बांधलंय तिचं. तितं भर की ओटी."

"देवी हलवली रं. पर जागा तर तितंच ऱ्हायली न्हवं?"

"मग आता काय गडावरनं पान्यात नारळ टाकनार?"

"टाकीन की!"

"आगं, कित्ती लांब हाय ते! पोचंल का?"

"मग तुमी येवढी मानसं कशाला येनार हाय संगं?" हिराबाई म्हणाली. "नुसती टोप्या घालून हिंडायला?"

दत्ता हसला आणि यादीत नारळ राहिला. पण त्याच महिन्यात त्याच्या कंपनीत सुट्ट्या बंद झाल्या, मग सुनीच्या सासूबाई आजारी पडल्या. थंडी गेली. नारळ वैशालीनं आमटीत घातला.

*

आणखी एक पावसाळा असाच गेला. मग होळीनंतरच्या एका रविवारी सगळं जुळून आलं. पिंपरीहून सुनी आणि जावई आदल्या दिवशीच आले. सकाळी सहाला गाडी दारात उभी. सगळ्यांच्या डोक्यावर एका रंगाच्या टोप्या. आणि हिराबाई बूट घालून उंबऱ्यावर बसलेली, उठेना!

"चल गं आई," सुनी म्हणाली.

"माझं मन न्हाई."

"दुखतंय का काही?"

"न्हाई."

दत्ता चिडला. रविवारची सुट्टी दोनदा मागितल्यामुळे त्याचा साहेब वैतागला होता. तो ताडताड बोलला आणि गाडीची चावी फेकून आत गेला. सुनी रडायला लागली. मी जवळ जाऊन उंबऱ्यावर बसलो. मग ती मला एकट्याला म्हणाली, "गेले अन् दिसलंच न्हाई, तर? अवं, हितं बसून मला समदं दिसतंय. आंगन दिसतंय, गोठा दिसतोय, आई चुलीम्होरं बसल्याली दिसतीया. तितं जाऊन ते बी गेलं म्हंजे?"

 मी तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या.

दत्तानं ग्रुपवर लिहिलं, 'ट्रिप कॅन्सल.' ज्यांच्यासाठी लिहिलं ती सगळी माणसं त्याच घरात बसलेली होती.

*

त्यानंतर नजर भराभर गेली. मे महिन्यापर्यंत उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. माणूस जवळ आला की आकार कळायचा, कोण ते आवाजावरून. घरात लोहगडचं नाव कुणी काढत नव्हतं. ग्रुपवर आता नुसत्या शुभ सकाळ यायच्या.

एके दिवशी जेवताना तिनंच विषय काढला. "दत्ता, गडावर कवा जायाचं?"

दत्ताचा घास हातातच राहिला. "आई, आता... आता कशाला?"

"आता भ्या न्हाई," ती म्हणाली. "तवा दिसलं न्हाई तर काय, ह्याचं भ्या व्हतं. आता तसंबी दिसत न्हाई."

वैशाली ताटावरून उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ वाहत होता.

*

मग गेलो. मे संपत आला होता. या दिवसांत पाणी खाली जातं आणि गावच्या जुन्या देवळाचा चौथरा वर येतो, असं तिच्या माहेरची माणसं सांगायची. पहाटे निघून उजाडताना लोहगडवाडीत पोचलो. पुढं मी, माझ्या खांद्यावर हात ठेवून हिराबाई, मागं दत्ता आणि बाकी सगळे. प्रत्येक दरवाजात थांबलो. तिनं प्रत्येक दरवाजाच्या दगडावरून हात फिरवला. कॉलेजची पोरं धापा टाकत बसली होती. ती म्हणाली, "बसा बाळांनो, दमला असाल!" आणि पुढं निघाली.

वर वारा होता. धरणाच्या बाजूच्या कडेला गेलो. दत्तानं तिला तटापासून चार पावलं अलीकडे उभं केलं.

समोर धुरकट होतं. आणि पाणी हवं तेवढं उतरलेलंच नव्हतं! सगळ्या खोऱ्यात दूरवर पसरलेलं, करड्या पत्र्यासारखं. चौथरा नाही, भिंत नाही, काही नाही. सुनीनं तोंडावर पदर धरला. स्वरा काहीतरी बोलणार होती, वैशालीनं तिचा खांदा दाबला.

"दिसतंय का वं?" हिराबाईनं विचारलं.

दत्तानं माझ्याकडे बघितलं.

"दिसतंय," मी म्हणालो.

"सांगा की मग."

"पानी पार तळाला गेलंय," मी म्हणालो. मला सावकाशच बोलता येतं, त्याचा त्या दिवशी उपयोग झाला. "देवळाचा चौथरा वर आलाय. पाच-सात घरांच्या भिंती हायेत, गुडघ्याएवढ्या. मधनं वाट गेलीया. एक आंगन दिसतंय, शेजारी गोठ्याचे दगूड हायेत."

ती ऐकत होती. तोंड पाण्याकडे नव्हतं, थोडं डावीकडे होतं. दत्तानं हलकेच तिचे खांदे धरून तिला सरळ केलं.

"अन् आंगनाच्या कडंला," मी म्हणालो, "चिंचेचं झाड हाय. वाळून गेलंय, पर हाय अजून उभं."

 वाऱ्यानं हिराबाईचा पदर डोक्यावरून खाली आला, तो तिनं पुन्हा घेतला.

"आमच्या गावात चिंच न्हवती," ती म्हणाली.

 मला मान वर करवेना.

मग तिनं चाचपत माझा हात शोधला, तो धरून सावकाश खाली दगडावर बसली आणि मलाही शेजारी बसवलं.

"बरं," ती म्हणाली. "आनखी काय दिसतंय?"