खंडेनवमीला पुजलेली डिस्क

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. अप्पा म्हणायचे, ही मोटर लोड न घेताच गरम होते. अप्पा म्हणजे माझे वडील. मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं त्यांचं; जळालेल्या मोटरीतली जुनी तार काढून नवी भरून द्यायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्यांच्या तरुणपणीचे अल्बम भावाकडं पुण्यात आहेत, पण शेवटच्या दहा वर्षांतले अप्पा, पांढऱ्या केसांचे, बनियनवर अंगणात बसलेले, ते सगळे माझ्या एका काळ्या हार्ड डिस्कवर होते. फोन भरला की मी फोटो तिच्यावर टाकायचे आणि फोनमधून पुसून टाकायचे. अजून एक प्रत काढून ठेव, असं भाऊ दहादा म्हणाला असेल. काढू की, कुठं पळून जातंय, असं माझं.

अव्वा, म्हणजे माझी आई, मूळची कानडी मुलखाला लागून असलेल्या मंद्रूपची. घरात आमचं कानडी-मराठी मिसळूनच चालतं. रविवारी दुपारी भांडी झाली की ती पदराला हात पुसत माझ्या टेबलाशी यायची. "लाव की गं जरा," म्हणायची. मी लॅपटॉपला डिस्क लावून द्यायचे आणि ती अप्पांना बघत बसायची. फोटो पुढं करायचं बटण तिला मी दाखवून ठेवलं होतं. एकेका फोटोवर पाच-पाच मिनिटं थांबायची. रडायची वगैरे नाही, उलट भांडायचीच. "बघ, ह्यो शर्ट टाकून द्या म्हणलं तर शेवटपतोर घातला," असं चालायचं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी फोनवर भावाशी भांडत होते. दसऱ्याला येतो म्हणाला होता आणि ऐन वेळी म्हणे सुट्टी नाही. अव्वानं त्याच्यासाठी पुरणाची डाळसुद्धा जास्तीची आणून ठेवलेली. मी तणतणत उठले, पाय वायरीत अडकला आणि डिस्क टेबलावरून खाली आली. खाली शहाबादी फरशी, आवाज व्हायचा तो झाला. उचलून परत लावली तर तिचा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे चालू आहे, असं मी ठरवून टाकलं आणि भावावर तोंड सोडायला मोकळी झाले. एक फोटो उघडून बघायला काय जात होतं माझं? पण नाही बघितला. अव्वा तेव्हा दळण आणायला गिरणीत गेली होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्या हत्यारांवर घर चालतं त्यांची पूजा त्या दिवशी असते. अप्पा गेले तरी अव्वा त्यांची पकड, पाने, तार गुंडाळायचं हातमशीन दर वर्षी पुसून मांडते. मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइनं काढते, म्हणून माझा लॅपटॉपही चौरंगावर असतो. त्या वर्षी तिनं त्याच्या शेजारी डिस्कही ठेवली. ही कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, "ह्यात तेच हायत की." मग विभूतीचे तीन पट्टे, हळद, कुंकू, झेंडूचं फूल, आणि शेवटी फूल तांब्यात बुडवून सगळ्यांवर पाणी शिंपडलं. मी तिथंच उभी होते. आरती पण म्हटली.

पुढच्या रविवारी अव्वा टेबलाशी आली, मी डिस्क लावली. दिवा लागला. मग आतून टिक, टिक, टिक असा आवाज यायला लागला आणि लॅपटॉपवर काहीच दिसेना. काढली, लावली, दुसरी वायर लावली, सगळं करून बघितलं. वायर घालायच्या खाचेत कुंकू सुकून बसलं होतं, तेवढं मात्र छान दिसत होतं.

फरशीवरचा आवाज मला त्याच वेळी आठवला होता, हे इथंच सांगून टाकते. आठवला, आणि मी वळून अव्वावर ओरडले. पाणी शिंपडायची वस्तू आहे का ही? कळत नाही तर हात कशाला लावायचा? दहा वर्षांचे अप्पा घालवलेस एका फुलानं, असंही म्हणाले. जिभेला हाड नसतं माझ्या. अव्वा त्या बंद डिस्ककडं बघत राहिली आणि मग तिनं हळूच विचारलं, "समदेच गेले का गं?"

त्या दिवसापासून तिनं विजेवरच्या कुठल्याच वस्तूला हात लावायचा सोडला. टीव्ही लावायला मला हाक. मिक्सर असताना वाटण पाट्यावर. फोन वाजला तरी उचलायची नाही, "तुझा फोन वाजतोय" म्हणायची आणि वाजत असायचा तिचाच. मला वाटलं, चार दिवसांत येईल ताळ्यावर. चाराचे पंधरा झाले. खरं सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि एक दिवस उशीर झाला की दुसऱ्या दिवशी ते अजून अवघड होऊन बसायचं. आधी फोटो परत मिळू देत, मग सांगू, अशी मी मनाची समजूत घातली.

आमच्या गावातल्याच नव्या पेठेत एक जण डिस्क दुरुस्त करतो असं कळलं. मी निघाले तर अव्वाही चप्पल घालून तयार. तो चाळिशीतला, शांत माणूस होता. खाचेतलं कुंकू बघून हसला. "मावशी, पूजा केली का हिची?" मग आवाज ऐकला, चेहरा जरा गंभीर केला आणि मला विचारलं, "ताई, पडली-बिडली होती का कधी?"

"नाही," मी म्हटलं. विचारही करावा लागला नाही, इतकं पटकन आलं ते तोंडातून.

"माझ्याच हातनं पानी पडलं बाबा," अव्वा पुढं होऊन म्हणाली. "हिचा काय दोष न्हाय. हिला काय बोलू नगंस."

तो तिला म्हणाला, बघू मावशी, काळजी करू नका. इथं उघडायचं काम नाही, धुळीचा एक कण आत गेला तरी संपलं, पुण्याला पाठवावी लागेल, वेळ लागेल. अव्वानं त्याला हात जोडले. डॉक्टरला जोडतात तसे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी मी गप्पच राहिले. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, मानूस चांगला हाय, करील.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा तोंडावर आली तेव्हा त्याचा फोन आला. मी कारखान्यात होते. म्हणाला, अर्धेअधिक फोटो निघालेत ताई, पण काही अर्धवट आहेत. आणि पाण्याचा काही संबंध नाही, पाणी आत गेलेलंच नाही. ही पडलेली आहे. आतला वाचणारा भाग तबकडीवर आपटून घासलाय. "आठवून बघा, पडली असणार," म्हणाला. मी बरं म्हटलं. आठवायचं काय होतं त्यात.

शनिवारी नवी डिस्क आणली आणि रविवारी दुपारी लॅपटॉपला लावली. अव्वा येऊन बसली. पहिले चाळीस-पन्नास फोटो लाइट बिलांचे आणि टॉवेलच्या डिझाइनचे. नको ते सगळं शाबूत राहिलं होतं. मग अप्पा आले. एकात कपाळावर विभूती, डोळे, आणि नाकाखाली सगळा राखाडी पट्टा. एकात नुसता हात आणि हातात चहाची बशी. आणि मग एक अख्खा आला. अंगणात मोटर उघडून बसलेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, माझ्याकडं बघून काहीतरी रागावून बोलतायत. अव्वाच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं.

मी तिची वाट बघत बसले. ती बटण दाबेना. दोन्ही हात तिनं पदरात गुंडाळून मांडीवर घट्ट धरले होते.

"दाब की अव्वा. पुढं अजून आहेत."

"नगं. तूच कर. परत काय झालं माझ्या हातनं तर."

मला पुढं ऐकवेना. मी सांगितलं. तुझ्यानं काही झालेलं नाही, माझ्या पायात वायर अडकून पडली होती ती, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, तू गिरणीत होतीस तेव्हा. पाण्यानं काही झालं नाही, आणि मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एका दमात बोलले. तिनं चार शिव्या घालाव्यात, उठून एक द्यावी, असं मला मनापासून वाटत होतं.

"दुकानात त्येनं इचारलं तवा बी?" तिनं विचारलं.

"तेव्हाही."

ती अप्पांकडं बघत होती, माझ्याकडं नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"रोज अंगूळ झाली की मी देवाफुडं कान धरत हुते," ती म्हणाली. "त्येंचं नाव घिऊन. एकदा गेलासा ते देवानं नेलं, आता दुसऱ्यांदा मीच घालवलं तुमास्नी, असं म्हणत हुते. तीन म्हैनं."

मग ती माझ्याकडं वळली.

"तू तितनंच जात हुतीस की, डबा भरायला. तुला काय वाटायचं, मी कशापायी कान धरती?"

नेहमीचा नमस्कार करतेस असं वाटलं, हे उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. तिला ते पटलंही असतं. आजवर माझं सगळंच पटलं होतं तिला.

"कळत होतं मला," मी म्हटलं.