शेवटचा माणूस यायचा राहिलाय

मढ गावात कुठला पिच्चर चांगला आणि कुठला भिकार, हे ठरवायचा मक्ता गेणभाऊंकडे होता. गेणभाऊंची पिठाची गिरणी. रविवारी जुन्नरच्या बाजारात जायचं, गिरणीचा पट्टा नाहीतर ग्रीस आणायचं निमित्त काढायचं, दुपारचा खेळ बघायचा आणि सोमवारी गिरणीवर त्याचा निकाल लावायचा, असा त्यांचा कार्यक्रम. दळणाला आलेल्या बाया डबे टेकवून बसायच्या. मोटर सुरू, पट्टा फटफट करतोय आणि त्या सगळ्या आवाजावर आवाज काढून गेणभाऊ ओरडतायत. भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ, कानाच्या पाळीवरसुद्धा पीठ. लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारं भूत कुणाला तरी शिव्या देतंय.

"लई फालतू पिच्चर! हिरो शेतकरी दाखवलाय. सबंध पिच्चरमधी एकदाबी म्हशीची धार काढली न्हाई. गाणी म्हनतोय, मारामाऱ्या करतोय, म्हैस आपली तशीच उभी. माझं निम्मं ध्यान तिच्याकडं."

एकदा नायक एका गाण्यात हमालाचा वकील झाला. गेणभाऊ खवळले. "एका गाण्यात वकील! आमच्या हौशीरामाचा बांधाचा दावा चालू हाये, त्याला एवढ्या टायमात नुसती तारीख मिळंना."

मगरीचा इंग्लिश पिच्चर मात्र त्यांना पसंत पडला. "भाषा कळली न्हाई, पण मगर कुठं बोलती? तिनं काम फस्कलास केलंय. बाकीच्यांना येळेवर खाल्लं ते बरं केलं, न्हाईतर त्यांनी पिच्चर पाडला असता."

गोष्ट सांगताना बरोबर मध्यावर ते मोटर बंद करायचे. इंटरवल. चहा, बिडी, आणि तोंडातून चकार शब्द नाही. बाया वैतागायच्या. "अवं भाऊ, पोरगी विहिरीत पडली का न्हाई ते तरी सांगा!" गेणभाऊ शांतपणे बशीत चहा ओतायचे. मोटर मात्र ते एरवी फार जपायचे. दाणा संपला आणि दगडावर दगड घासला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा. "रिकामी फिरवू नका गं, दगड जळतो!" हे वाक्य मढमधल्या पोरांनाही पाठ होतं.

गेणभाऊंची बायको कुशाबाई गिरणीतल्या फळकुटावर बसून डबे वजन करायची. तिनं जन्मात एकच पिच्चर पाहिला, जत्रेतल्या तंबूत, आणि तोही झोपून. पण नवऱ्याच्या तोंडून तिनं सगळे ऐकले होते. गोष्ट संपली की ती एकच प्रश्न विचारायची, आणि तो नेमका पिच्चरवाले ज्याला विसरले त्या माणसाबद्दल असायचा. "आन् त्या थोरल्या भावाच्या बायकोचं काय झालं?" गेणभाऊ अडकायचे. "आता ती... आसंल की कुठंतरी." "आसंल म्हंजी? तिला कुणी जेवायला घातलं का न्हाई?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

गेणभाऊंचा खरा जीव मरणाच्या सीनवर होता. मरणारा जितका वेळ घेईल तितके गेणभाऊ खूश. त्यांच्या मते मरायचे नियम ठरलेले होते. त्यातला पहिला नियम असा, की शेवटचा माणूस आल्याशिवाय जीव जात नाही. पोटात चार गोळ्या असोत, भाऊ विमानानं निघालेला असो, माणूस थांबतो. भाऊ येतो, हात धरतो, मग मान पडते. गावाचं मत काही वेगळं नव्हतं. चिमाजीचा म्हातारा महिनाभर घरघरत होता. "नातवात जीव अडकलाय," सगळे म्हणाले. नातू मुंबईहून आला, म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी घातलं आणि म्हातारा गेला. पिच्चर आणि गाव दोन्ही एकच गोष्ट सांगायला लागले, मग गेणभाऊंना तिसरा साक्षीदार कशाला हवा?

नव्व्याण्णव सालच्या पावसाळ्याच्या तोंडी कुशाबाईचे डोळे पिवळे झाले. मग पोट फुगलं. गावठी औषध झालं, अंगारा झाला, शेवटी जुन्नरला एका दवाखान्यात ठेवली. डॉक्टर सरळ माणूस होता. गेणभाऊंना बाहेर बोलावून त्यानं सांगितलं, "यकृत राहिलेलं नाही. कुणाला बोलवायचं असेल तर आता बोलवून घ्या."

बोलवायचं होतं ते एकच माणूस. हर्षाली, त्यांची एकुलती एक लेक. घाट उतरून पलीकडे, कल्याणला दिलेली. एसटीनं सकाळी निघाली तर दुपारी पोचेल.

कुशाबाईनंही तेच मागितलं. "अवं, हर्षीला बोलवा."

"बोलवतो की," गेणभाऊ म्हणाले आणि फोनच्या बूथवर गेले.

पलीकडून हर्षालीनं पहिलंच विचारलं, "अप्पा, आई कशी हाये? मी निघू का?"

"कशाला? लेकराची शाळा बुडवून? पेज प्याली सकाळी. मला शिव्याबी दिल्या."

"खरं सांगताय ना?"

"तुझ्या आईच्या शिव्या काय खोट्या असत्यात का?"

हर्षाली हसली. फोन ठेवला.

थेटरच्या दारावर तिकिटं फाडणारे इस्माईलभाई गेणभाऊंचे जुने दोस्त. पिच्चर बघून झाला की गेणभाऊ पहिलं मत त्यांना ऐकवायचे, गावाचा नंबर नंतर. इस्माईलभाई रोज थर्मासमधून चहा घेऊन दवाखान्यात यायचे. दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यांनी विचारलं, "लेक कधी येते?"

"बोलावलीच न्हाई."

"म्हणजे?"

गेणभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, मग एखादी युक्ती सांगावी तसं हळूच सांगितलं, "इस्माईलभाई, तिचा जीव हर्षीत अडकलाय. हर्षी आली की सुटंल. म्हणून येऊच देत न्हाई. शेवटचा माणूस यायचा राहिलाय, तवर ही कुठं जात न्हाई."

इस्माईलभाईंनी थर्मास खाली ठेवला. हसावं की या माणसाला हलवून जागं करावं, हे त्यांना कळेना.

"तुमी तर रोज दारावर असता," गेणभाऊ म्हणाले. "सांगा, शेवटचा माणूस आल्याबिगर कुणी मेलेलं बघितलंय का?"

"बघितलंय, भाऊ. माझी अम्मी गेली तेव्हा मी तिकिटं फाडत होतो. घर तिथनं दोन गल्ल्या. माझं नाव घेत होती म्हणे. नाय थांबली."

गेणभाऊंनी थर्मासच्या झाकणातला चहा संपवला. मग म्हणाले, "तुमच्यात येगळं असंल."

"मरणात कसलं तुमच्यात-आमच्यात, राव! लेकीला बोलवा. नंबर द्या, मी करतो फोन."

गेणभाऊंनी नंबर दिला नाही. थर्मासचं झाकण घट्ट लावून त्यांनी तो इस्माईलभाईंच्या हातात ठेवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुशाबाईनं पुन्हा हर्षीचं नाव काढलं. गेणभाऊंनी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि गोष्ट सुरू केली. नवा पिच्चर, नुकताच बघितलेला, असं म्हणाले. तो कुठल्याच थेटरात लागलेला नव्हता. एक आई असते, तिचा एक गिरणीवाला नवरा असतो, त्याला काडीची अक्कल नसते. शेजारच्या खाटेवरची बाई हसली. कुशाबाईच्या ओठांच्या कडा हलल्या. गेणभाऊंना चेव चढला. पूर आला, दरोडेखोर आले, एक हत्तीसुद्धा आला. गोष्ट संपवायचीच नव्हती, तेव्हा जे सुचेल ते येत होतं.

"आन् लेकीचं काय झालं?" कुशाबाईनं विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"कुठल्या लेकीचं?"

"तिला एक लेक आसंल की. तिचं काय झालं?"

गेणभाऊ अडकले. "ती हाये. लांब दिलीय. येती ना शेवटाला."

"कवा?"

"इंटरवल!" गेणभाऊ म्हणाले, आणि चहा आणायला उठले.

ते चहा घेऊन परत आले तेव्हा नर्स चादर वर ओढत होती. हातातला कप कुठं ठेवावा, हे त्यांना समजेना. बराच वेळ ते तो धरून उभे राहिले.

कल्याणला कळवायचं काम शेवटी इस्माईलभाईंनी केलं. हर्षाली येईपर्यंत मयत मढला घरच्या ओट्यावर ठेवलं होतं. ती आली, आईचा हात धरून बसली. कुणाच्याही मयताला "अमक्यासाठी जीव अडकला होता" असं सांगणाऱ्या चिमाजीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

तेरावं झालं. परत निघायच्या दिवशी हर्षाली गिरणीत आली. गाडीला थोडा वेळ होता. आईच्या फळकुटावर ती बसली नाही, दाराशीच उभी राहिली.

"अप्पा, आई शेवटी काय बोलली?"

"लेकीचं काय झालं म्हनली."

"कुठल्या लेकीचं?"

"पिच्चरमधल्या."

हर्षालीनं बापाकडं नीट पाहिलं. "मला बोलवा म्हनली व्हती का? इस्माईलचाचा काय सांगंनात. तुमी सांगा. म्हनली व्हती का न्हाई?"

मोटरच्या आवाजावर आवाज चढवून साऱ्या गावाला पिच्चर ऐकवणारा तो माणूस उठला, भिंतीपाशी गेला आणि त्यानं बटण दाबलं. गिरणी सुरू झाली. आत एक दाणा नव्हता. दगडावर दगड घासायला लागला, आवाज कानठळ्या बसवणारा झाला, जळका वास सुटला. गेणभाऊ भिंतीकडं तोंड करून उभे. हात बटणावर तसाच.

बाहेर एसटीनं हॉर्न दिला.

हर्षाली थोडा वेळ थांबली. मग तिनं कुणाच्या तरी डब्यातले ज्वारीचे दोन पसे उचलून गिरणीच्या तोंडात टाकले, पिशवी खांद्याला लावली आणि बाहेर पडली. दगडांचा आवाज बदलला. खाली पीठ पडायला लागलं.

त्या दिवाळीला ती आली नाही.