जल्दीवाले ड्रॉप

धानकापणीच्या दिवसांत माझ्या मेडिकलमध्ये दोन गोष्टी हमखास खपतात. कंबरेचं मलम आणि डोळ्याचे ड्रॉप. नवेगाव बांधच्या रस्त्यावर माझं दुकान. कुसळ जाऊन डोळा लाल झाला, की लोक चिठ्ठीबिठ्ठी न आणता येतात आणि ‘जल्दीवाले ड्रॉप’ मागतात. त्यात स्टेरॉइड असतं. लाली एका दिवसात उतरते आणि माझा भाव वधारतो. लोक मला अर्धा डॉक्टर म्हणायचे आणि, खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

माझ्या थोरल्या बहिणीची किडनी बदललेली. नवी किडनी शरीरानं नाकारू नये म्हणून ती रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेते. त्या दर महिन्याला मीच मागवून देतो. मळणीकडे फिरकू नकोस, असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण ताई ऐकणाऱ्यातली नाही. गेल्या हंगामात ती डोळा चोळत काउंटरशी आली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. सवयीनं माझा हात मागच्या खणात गेला आणि मी तेच ड्रॉप दिले.

दोन दिवस ती गावभर माझं कौतुक करत होती. आठवड्याभरात बुबुळावर पांढरा ठिपका आला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी बुबुळ हलकंच खरवडून तपासलं. बुरशी निघाली. ते भडकलेच.

“इनकी इम्युनिटी पहले ही कम है, ऊपर से स्टेरॉइड? किसने दिया ये ड्रॉप?”

ताई शांतपणे म्हणाली, “याद नाही साहेब. घरी पडले होते.”

मी तिच्या शेजारीच बसलो होतो. तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नव्हता. बुरशीचे ड्रॉप तासातासाला घालायचे होते. मोबाइलचा गजर वाजला की शटर अर्धं ओढायचं आणि तिच्या घरी धावायचं. ठिपका वाढला की कमी झाला, रोज बघूनही ठरत नसे. गिऱ्हाइकांवर मी विनाकारण खेकसायचो. ती मात्र काहीच बोलत नव्हती. निदान शिव्या तरी द्यायच्या!

तिसऱ्या आठवड्यात तिची शेजारीण दुकानात आली, एक डोळा लालभडक.

“तुया बहिणीनं धाडलं. जल्दीवाले ड्रॉप दे.”

“नाही देत काकू. आजच्या आज डॉक्टरले दाखवा.”

“मोठा शहाणा झाला!” म्हणत ती पाय आपटत गेली.

मी दुकान तसंच टाकून ताईकडे गेलो. ती अंगणात खाटेवर बसली होती. तिच्या दुखऱ्या डोळ्याला एव्हाना फक्त उजेड कळत होता.

“ताई, चुकलं माझं. ते ड्रॉप मी दिले, अन् तू साहेबापुढं मले झाकलं. मंग काकूले माझ्याकडं काऊन धाडलं?”

“पाह्याचं होतं मले. अजून तेच देऊन राहिला का तू.”

“नाही दिले.”

तिनं चांगला डोळा माझ्यावर रोखला.

“दिले असते, तं उद्या मीच गोंदियाले जाऊन साहेबाले तुयं नाव सांगणार होती.”

मग तिनं मान मागे टाकली आणि दोन बोटांनी डोळा उघडा धरला.

“टाक आता. घंटा झाला.”